टायर बदलताना मागच्या सीटवर बसणाऱ्यांचा विचार करा

गेल्या गणपतीला आम्ही पुण्याहून गुहागरला निघालो होतो. गाडीला नवेकोरे चार टायर घालून जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळे मी खुशीत. उंब्रजला महामार्ग सोडला, पाटण मागे पडलं आणि कोयनानगरला चहासाठी थांबलो. आई मागच्या दारातून उतरली, कंबरेवर हात ठेवून जरा उभी राहिली आणि म्हणाली, "नवीन टायर घातलेस ना रे? मग बैलगाडीतून आल्यासारखं का वाटतंय?"

चूक माझीच होती. दुकानदाराने "साहेब, हे घ्या, गाडी विकाल पण टायर झिजणार नाहीत" म्हटलं आणि मी घेतले. टायर कशासाठी हवेत, हे त्यानेही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यात भर म्हणून त्याच्या पोराने हवा 40 (पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचं माप) मारून दिली होती. घरी आल्यावर या विषयात जे शिकलो ते इथे पायरीपायरीने लिहितो. थोडक्यात सांगायचं तर आराम टायरची उंची, हवा आणि फिटिंग यांवर जास्त अवलंबून असतो. कंपनीचं नाव त्यानंतर येतं, आणि आपण मात्र सुरुवात नावापासून करतो.

आधी खात्री करा की दोष टायरचाच आहे

गाडी आदळते किंवा आवाज करते म्हणून थेट टायरच्या दुकानात जाऊ नका. दुकानदार टायरच विकणार.

पहिल्यांदा हवा तपासा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली दिसते. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते, बहुतेक वेळा दोन प्रकारे: दोन-तीन माणसं असताना किती आणि गाडी भरलेली असताना किती. टायरच्या बाजूवर जो 'मॅक्स प्रेशर'चा आकडा कोरलेला असतो तो टायर सहन करू शकेल अशी कमाल हवा सांगतो. तो आकडा बघून हवा भरायची नसते. माझ्या गाडीच्या पट्टीवर 33 आहे. 40 हवा असलेला टायर छोट्या खड्ड्यात दबण्याऐवजी गाडीलाच उचलून आपटतो. आठवडाभर पट्टीवरच्या हवेवर गाडी चालवून बघा. बऱ्याच लोकांची तक्रार इथेच मिटते.

मग आवाज. गाडीतून 'घूंऽऽ' असा आवाज येत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे वळवल्यावर तो कमी-जास्त होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. ठरावीक वेगाला, साधारण 80 ते 100 च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून साधलेला चाकाचा तोल) बिघडलं असेल किंवा रिम वाकली असेल. गतिरोधकावरून उतरताना 'खट्' वाजलं तर लिंक रॉड किंवा बुश, म्हणजे सस्पेन्शनचे छोटे भाग. आणि खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप गेलेत. यातलं काहीही नव्या टायरने बरं होत नाही. उलट शॉकअप गेलेल्या गाडीला महाग टायर घातले तर तेही वेडेवाकडे झिजतात.

एक तपासणी मात्र हाताने करायची. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) बरेच दिवस बिघडलेलं आहे. असा टायर नंतर कितीही अलाइनमेंट केलं तरी घरघर करत राहतो. तो बदलावाच लागतो, पण नवा घालण्याआधी अलाइनमेंट दुरुस्त करायला हवं.

जुना टायर खरंच संपलाय का

नक्षीच्या खोल चरांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' किंवा छोटा त्रिकोण दिसतो, तिथून सरळ आत बघितलं की ते सापडतात. त्यांची उंची 1.6 मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही बाद. नव्या टायरची नक्षी साधारण 7-8 मिलिमीटर खोल असते. माझं मत विचाराल तर 3 मिलिमीटरच्या खाली आलेल्या टायरवर पावसाळा काढू नका. पाणी बाजूला सारायला चरच उरलेले नसतात.

वयही बघा. टायरच्या बाजूवर 'डीओटी' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होत जातं. रोज उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर पाच-सहा वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी टायर दगडासारखा लागतो आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. बाजूला बारीक भेगा दिसत असतील किंवा फुगा आला असेल तर विचार करायचा प्रश्नच नाही.

आकड्यांमध्ये आराम कुठे दडलाय

हा भाग नीट वाचा, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

टायरवर लिहिलंय 185/65 आर15 88एच. 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के. 185 चे 65 टक्के म्हणजे 120 मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढीच गादी. 15 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. 88 हा वजनाचा संकेतांक, म्हणजे एक टायर 560 किलो पेलू शकतो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर 190, व्ही असेल तर 240.

आता बलेनोचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलना 185/65 आर15 येतात आणि वरच्या मॉडेलना 195/55 आर16. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, 621 मिलिमीटरच्या आसपास. पण 195 चे 55 टक्के म्हणजे 107 मिलिमीटर. जास्त पैसे मोजून घेतलेल्या मॉडेलमध्ये गादी 13 मिलिमीटरने पातळ! रिम मोठी दिसते, वळणावर गाडी जरा घट्ट वाटते, आणि खड्ड्याचा दणका थेट पाठीत येतो. आधीच्या पिढीच्या स्विफ्टमध्येही खालच्या मॉडेलना 165/80 आर14 होते, म्हणजे 132 मिलिमीटरची गादी, आणि वरच्यांना 185/65 आर15.

म्हणून ज्यांना खरोखर आराम हवाय त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे, जो दुकानात कोणी सुचवत नाही: तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलची लहान रिम आणि उंच टायर. पण ती रिम कंपनी तुमच्याच गाडीला, तुमच्याच इंजिनच्या मॉडेलला देत असली पाहिजे, कारण लहान रिममध्ये ब्रेकचा कॅलिपर बसला पाहिजे. शोरूमला विचारून खात्री करा. शोभेसाठी 17 इंची अलॉय घालून मग 'आरामदायी टायर' शोधणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आधी ठरवा, गाडीची शोभा सांभाळायची की पाठ.

रिम तीच ठेवून एक पायरी रुंद टायर घालतात, उदाहरणार्थ 185/65 च्या जागी 195/65 आर15. गादी 127 मिलिमीटर होते, गाडी साधारण साडेसहा मिलिमीटर उचलली जाते, व्यास दोन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मीटरवर 80 दिसत असेल तेव्हा पूर्वीपेक्षा दोन टक्के जास्त वेगाने जात असता. बऱ्याच गाड्यांना हे चालून जातं, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागे तीन माणसं बसवून चाक मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासत नाही ना हे बघावं लागतं. व्यासात तीन टक्क्यांच्या वर कधीही जाऊ नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचाच साइज ठेवा.

वजनाचा संकेतांक मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही, हे पक्कं. पण विनाकारण जास्तही घेऊ नका. त्याच 185/65 आर15 मध्ये 88 चा साधा टायर मिळतो आणि 92 चा 'एक्सएल'ही मिळतो. एक्सएल म्हणजे जास्त वजन पेलणारा. त्याची रचनाच जास्त ताठ असते, साहजिकच तो कमी दबतो. दुकानदार तो 'मजबूत' म्हणून विकतो, आणि मजबूत असतोही, पण आईची कंबर विचारात घेतली तर साधाच बरा. इलेक्ट्रिक गाडीचं तेवढं वेगळं. बॅटरीमुळे ती जड असते, तिथे कंपनीने एक्सएल दिला असेल तर एक्सएलच घाला.

कोणत्या जातीचा टायर

साइज ठरला की मगच ब्रँडच्या वाऱ्याला उभं राहा. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

एक, खूप चालणारे. टॅक्सीवाले आणि रोज शंभर किलोमीटर करणारे घेतात. यांचं रबर बहुधा कडक, पैसे वसूल, पण खडबडीत डांबरावर आवाज जास्त. माझी फसगत याच जातीने केली, टायर वाईट नव्हते, माझ्या कामाचे नव्हते.

दोन, आरामाचे, ज्यांना इंग्रजीत टूरिंग म्हणतात. नक्षीचे ठोकळे लहान आणि वेगवेगळ्या मापांचे असतात. सगळे ठोकळे एकाच मापाचे असतील तर रस्त्यावर आपटताना एकाच सुरात आवाज होतो. मापं वेगळी ठेवली की सूर विखुरतो आणि कानाला कमी जाणवतो. मिशेलिनचा प्रायमसी 4 एसटी, योकोहामाचा अ‍ॅडव्हान डीबी, गुडइयरचा अ‍ॅश्युरन्स कम्फर्टट्रेड, ब्रिजस्टोनचा टुरांझा, कॉन्टिनेंटलचा कम्फर्टकॉन्टॅक्ट ही या जातीतली नावं. सगळे सगळ्या साइजमध्ये मिळत नाहीत. तुमच्या साइजला दोनच मिळाले तर त्यातला ताजा घ्या. सिएट, अपोलो, एमआरएफ यांच्याकडेही या वळणाचे टायर आहेत आणि छोट्या गाड्यांच्या साइजमध्ये ते पटकन मिळतात. (गंमत म्हणजे यातले बरेच आपल्या आसपासच बनतात: सिएट नाशिकला, गुडइयर छत्रपती संभाजीनगरला, ब्रिजस्टोन चाकणला, एमआरएफ गोव्यात उसगावला.)

तीन, एसयूव्हीसाठीचे जाड ठोकळ्यांचे टायर. शेतातल्या बांधावर गाडी घालायची असेल तर जरूर घ्या. नुसतं डी-मार्टला जायचं असेल तर त्या घरघरीचे पैसे कशाला मोजायचे?

लेबलवर किती विसंबायचं? टायरवरचे तारे इंधनाची बचत सांगतात, आरामाबद्दल ते मुके असतात. आयात टायरवर युरोपचं लेबल असेल तर त्यावर डेसिबलचा आकडा दिसतो. तो आकडा गाडीच्या आतल्या आवाजाचा नाही. इंजिन बंद करून गाडी ताशी 80 च्या वेगाने जाऊ देतात आणि साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकने आवाज मोजतात. रस्त्याकडेला राहणाऱ्यांसाठी ते माप उपयोगाचं, तुमच्यासाठी अर्धवट. त्याच लेबलवरची ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी मात्र जरूर बघा. कुंभार्ली घाट भर पावसात उतरायचा असेल तर मऊ पण घसरणारा टायर काय कामाचा?

खरी परीक्षा एकच. तुमच्याच मॉडेलच्या गाडीला तो टायर घातलेला कोणी मित्र, शेजारी शोधा, आणि गाडी त्याला चालवायला सांगून स्वतः मागे बसा. डांबर आणि काँक्रीट दोन्हींवरून जा. डांबरावर शांत असलेला टायर समृद्धी महामार्गाच्या किंवा मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटवर शिट्टी वाजवू शकतो, कारण काँक्रीटवर आडवे चर पाडलेले असतात.

दुकानात

तीन दुकानांत फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "फिटिंग, बॅलन्सिंग, नवे वॉल्व्ह धरून चारचे किती, आणि जुने किती रुपयांना घेणार?" जुन्या टायरचे पैसे आधी बोलले नाहीत तर ते तसेच आत जातात. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय. जुनी एमआरपी छापलेला टायर समोर आला तर हे लक्षात ठेवून बोला. बिल पक्कं घ्या, त्याशिवाय वॉरंटीला काही अर्थ नाही.

टायर गाडीला चढवण्याआधी चारही टायरची तारीख स्वतः वाचा. तारखेचे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा उलटून बघायला लाजू नका. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षापर्यंत चालेल. एकदा एका दुकानात मला तीन ताजे आणि एक अडीच वर्षांचा देत होते. विचारल्यावर "गोडाऊनमध्ये होता, ऊन नाही लागलं" असं उत्तर आलं. मी चहा संपवला आणि निघालो. टायरवर आयएसआयची खूण असायलाच हवी.

चारही एकदम बदलणं परवडत नसेल तर दोन बदला, पण नवे दोन मागे लावा. हे ऐकून बहुतेक लोक, कधी कधी दुकानदारसुद्धा, वाद घालतात. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की ताब्यात येते. मागच्यांची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं माझ्यासारख्याच्या हातातलं काम नाही. एका एक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीत) दोन वेगळ्या जातींचे टायर मात्र कधीच नकोत.

फिटिंगच्या वेळी बाजूला उभे राहा

मोबाइल खिशात ठेवा. थोड्याच वेळाचं काम असतं.

टायरवर 'आउटसाइड' लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर, आणि बाण असेल तर बाण पुढे फिरण्याच्या दिशेला. काही नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची सर्वांत हलकी जागा, ती वॉल्व्हशेजारी आली की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. चढवण्याआधी रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा, नाहीतर हवा हळूहळू उतरत राहते.

बॅलन्सिंग चारही चाकांचं करा. माझ्या जुन्या दुकानात 'पुढच्या दोनचंच लागतं' म्हणून पैसे वाचवून दिले होते. मग मागच्या सीटला थरथर आणि मला पत्ताच नाही, कारण स्टिअरिंग शांत. मशीनवर चाक फिरवल्यावर दोन्ही बाजूंना शून्य येतंय का ते डोळ्यांनी बघा. वजनं लावून झाल्यावर चाक पुन्हा फिरवायला सांगा. एका चाकाला मूठभर वजनं लागत असतील तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा, बऱ्याचदा वजनं कमी होतात. तरी कमी झाली नाहीत तर रिम तपासा.

नट हवेच्या गनने कचाकच आवळू देऊ नका. हाताने बसवून, समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. नाहीतर रात्री पंक्चर झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी पान्यावर उभं राहिलं तरी नट सुटत नाही. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि त्याचा आधीचा व नंतरचा छापील कागद मागून घ्या.

पहिला महिना

नव्या टायरच्या अंगावर साच्यातून निघताना लावलेल्या द्रवाचा बारीक थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि घाटातली मस्ती नको. दोन आठवड्यांनी नट एकदा तपासून घ्या.

मग हवा लावा. यासाठी हवा मोजायचं यंत्र स्वतःचं ठेवा, काही शे रुपयांत मिळतं. पंपावरचं यंत्र दिवसभर आपटलं जातं, त्याचा भरवसा नाही. मोजायचं ते सकाळी, गाडी हलवण्याआधी. दहा-पंधरा किलोमीटर चाललेल्या टायरमध्ये हवा तीन-चारने वाढलेली दिसते. ती बघून काढून टाकली की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर पळतो, कडा झिजतात आणि महामार्गावर तापून फुटायचा धोका वाढतो. आराम हवा म्हणून पट्टीवरच्या आकड्याच्या खाली कधीही जायचं नाही. शहरात एकट्याने फिरताना पट्टीवरची कमी माणसांची हवा, आणि पाच जण व डिक्कीभर सामान घेऊन गावी जाताना भरलेल्या गाडीची हवा. परत आल्यावर ती पुन्हा कमी करायची. हे मी सुद्धा दोनदा विसरलोय. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या, त्यासाठी लांब फेरा मारू नका. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे लवकर झिजतात, आणि असमान झिजलेला टायर कितीही महागाचा असला तरी वर्षभरात गुणगुणायला लागतो. त्याच वेळी स्टेपनीची हवाही बघून घ्या.

मी ते चिवट टायर भाचीच्या नवऱ्याला दिले. त्याचा चाकण-नाशिक रोजचा धंदा आहे आणि तो अजून मला दुवा देतो. माझ्या गाडीला आता साध्या 88 चे, एक्सएल नसलेले आरामाचे टायर आहेत, हवा 33. होळीला पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. कोयनानगर आलं तेव्हा आई झोपली होती. चहा गाडीतच नेऊन दिला.